दातांचा निकाल

चाळिशीचा घोडा झाला तरी ब्रशला हात लावायचा म्हणजे लेकाच्या अगदी जिवावर यायचं, आणि ते बघून आईसाहेबांचं डोकं उठायचं. लेक म्हणायचा, "आई, गरम चहाची एक चूळ भरली की जंतू खलास! माझे दात म्हणजे पोलाद." शेवटी सून उशी काखोटीला मारून सासूच्या खोलीत झोपायला आली. तिने नवऱ्याला बजावलं, "दातांचे डॉक्टर चांगलं म्हणेपर्यंत मी काही परत येत नाही."

मग काय, दवाखान्यात जायच्या दिवशी पठ्ठ्याने करपलेलं पातेलं घासावं तसे दात घासले. हिरड्यांतून रक्त आलं तेव्हा कुठे थांबला.

दुपारी छाती फुगवून घरी आला. "ऐकलंत का दोघींनी? डॉक्टर म्हणाले, तुम्ही दात फार घासता, जरा कमी करा! चल गं, उचल उशी."

सून उठायच्या आत आईसाहेब कडाडल्या.


"बस गं तू! अरे मेल्या, जन्मात एकदा घासलेस, त्यातलंही कमी करायचं तर आता पुढच्या जन्मीच घास, आणि बायकोही तेव्हाच ने!"