मार्चमधली गर्दी

इंग्लंडमधल्या लिंकनशायर परगण्यातल्या पाच खेड्यांतली चर्च एकाच पाद्र्याच्या हाताखाली आली, त्याला वर्ष झालं. वार्षिक सभेत त्या नव्या पाद्र्याने अहवाल वाचला. “सगळ्यात जास्त उपस्थिती वाढली ती डोरीनबाईंच्या चर्चमध्ये. एकट्या मार्चमध्ये दीडशे माणसं.” वीस वर्षं त्या चर्चचा कारभार पाहणाऱ्या डोरीनने चमकून पाहिलं. रविवारी तिथे जेमतेम सात डोकी असायची. “फादर, मार्चमध्ये आमच्या सिरिलला मूठमाती दिली आपण,” ती म्हणाली. “मयताची गर्दी मोजलीत तुम्ही?” पाद्र्याने अहवाल तिच्यापुढे सरकवत हलकेच म्हटलं, “ती वजा केली, तर तुमचं चर्च बंद होईल. मग नवऱ्याच्या थडग्याकडे कोण बघणार? करा सही, बाई.” डोरीनने सही केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आपलेही हात वाजताहेत हे लक्षात येताच तिला त्या हातांची किळस आली.