सकाळचं भांडण

शिर्क्यांच्या तेराव्याचं जेवण आटोपल्यावर वहिनींनी टिपणिसांपुढे लॅपटॉप ठेवला. "भावजी, यांचे फोटो तेवढे काढून द्या."

बावीस वर्षं दोघे मित्र कॉम्प्युटरला कुठली सिस्टीम चांगली यावरून रोज सकाळी फोनवर भांडत आले होते. टिपणीस लिनक्सवाले, शिर्के विंडोजवाले. "फुकट ते पौष्टिक म्हणणारा तू!" शिर्के ओरडायचे.

टिपणिसांनी झाकण उघडलं. समोर लिनक्स.

"हे कधी घातलं?"

"झाली दोन वर्षं. विंडोजपेक्षा गुणी आहे म्हणाले. पण तुम्हाला सांगायचं नाही, असं बजावलं होतं."

"का?"

"म्हणाले, मी हरलो म्हटलं की तो उद्यापासून फोन कशाला करेल?"

"केला असता हो, वहिनी," टिपणीस म्हणाले खरे, पण खात्री त्यांनाही वाटेना.