थंडीतली नोकरी

कावेरीने पिशवी उलटी केली आणि दुबईच्या अल मनखूल भागातल्या त्या लहानशा खोलीत गावचा सगळा उन्हाळा सांडला. सब्जा, वाळा, आमसुलं, नाचणीचं सत्त्व, पांढऱ्या कांद्यांची माळ, डोक्याला बांधायला मांजरपाटाचं फडकं. तिच्या लेकाने, समाधानने, एकेक वस्तू हातात घेतली आणि बाजूला ठेवली.

तिने लेकाचा हात धरून उलटा केला. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या. ओठ फुटलेले.

"उन्हानं भाजून काढला माझा लेक," ती म्हणाली. "आन् फोनवर काय, तर एसीत हाय!"

"एसीतच हाय, आये."

"आपल्या गावच्या महादूची आई बी हेच ऐकायची. परत आला तवा मानेची सालं निघत होती त्याच्या."

"आत्या, खरं बोलतोय तो," प्रज्ञा म्हणाली. ही कावेरीच्या भावाची मुलगी. खोली तिचीच.

"तू गप. सामील हायस त्याला."

दुबईला गेलेल्या प्रत्येक पोराची नोकरी एसीतलीच असते, हे गावाला पाठ होतं. कावेरी विमानात बसली ती मौज बघायला नव्हे. आपल्या डोळ्यांनी बघायचं आणि उन्हात राबताना दिसला तर कॉलरला धरून घरी न्यायचं, असं देवापुढे बोलून ती निघाली होती.

थापा तरी किती माराव्यात! सहा वर्षांपूर्वी, इथे लागल्या लागल्या, याने फोनवर मेलेल्या बापाचं काळं घोंगडं मागितलं होतं. कामावर थंडी वाजते म्हणे. दुबईत! "कुणाच्या अंगावर घालतोस रं, उंटाच्या?" असं तिने विचारलं होतं. तो किस्सा तिने सहा वर्षं गिरणीत, बाजारात, लग्नाच्या मांडवात सांगून माणसं हसवली. त्याने घोंगडं पुन्हा मागितलं नाही.

"उद्या ये कामावर," समाधान आता म्हणाला. "घे बघून. मग खलास."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञा तिला मॉलमध्ये घेऊन गेली. बाहेर चपलेतून चटके बसत होते. आत एक भलीमोठी काच होती आणि काचेपलीकडे बर्फाचा डोंगर. लाकडी घरं, टोकदार हिरवी झाडं, तारेवरून लोंबकळत वर जाणाऱ्या खुर्च्या. पायांना लांब फळ्या बांधून माणसं वरून घसरत होती, आपटत होती, वर हसत होती.

"युरोपात लोक सुट्टीला डोंगरावर बर्फात खेळायला जातात ना, तसं बनवलंय," प्रज्ञा म्हणाली. "दोन तासांचे अडीचशे दिरहम. म्हणजे जवळजवळ सहा हजार रुपये."

"कुडकुडायला? पैसं देऊन?"

तेवढ्यात आत एक जण फावडं घेऊन पुढे आला. निळं जाकीट, कानटोपी, तोंडातून वाफ. त्याने पडलेल्या एका बाईला उठवलं, तिच्यामागचा उकरलेला बर्फ सारखा केला. मग हातमोजा काढून बोटांवर दोन-तीनदा तोंडाची वाफ सोडली आणि काचेकडे बघून हसला. समाधान.

मधल्या सुट्टीत तो बाहेर आला. कावेरीने त्याचे हात धरले. रात्रभर शेतात विसरलेल्या विळ्यासारखे गार.

"किती तास?"

"नऊ. मधी मधी बाहेर सोडत्यात."

"आन् मी तुला सहा वर्सं सब्जा पाठवतीया."

"पितो की. गोड लागतो." तो हसला. "मग? नेतीस परत? कुठं दिसलं का ऊन?"

ऊन कुठेच नव्हतं. देवापुढे ती उन्हाचंच बोलली होती, थंडीचं नाही. तिने लेकाची बोटं पदरात गुंडाळली आणि तशीच धरून ठेवली. सुट्टी संपल्यावर समाधान पुन्हा आत गेला.

"प्रज्ञे, घरी फोन लाव."

फोन थोरल्या सुनेने, संजनाने घेतला.

"संजना, माळ्यावरचं काळं घोंगडं खाली काढ. समाधानला धाडायचंय."

पलीकडे खुदकन हसू फुटलं. "दुबईला? घोंगडं?"

"दात काढू नगंस," कावेरी म्हणाली. "आन् आधी चार दिस अंगणात पसर. आपल्याकडचं ऊन चांगलं मुरू दे त्यात."