काळ्या पिसांची माशी

कावळा तिसऱ्यांदा खाली आला, पिंडापासून हातभर अंतरावर थबकला, मान तिरकी करून नदीकडे बघितलं आणि पुन्हा उंबरावर जाऊन बसला.

रावेतच्या घाटावर जमलेल्या चाळीसेक माणसांनी एकदम सुस्कारा सोडला. चिमाजीचा दहावा होता. ऊन चढायला लागलं होतं.

घाटापासून पंधरा-वीस पावलं खाली, पवनेच्या गुडघाभर पाण्यात, जमीन मोजणीचे अधिकारी नानासाहेब उभे होते. रविवार असल्यामुळे ते सरकारी कामावर नव्हते, मासेमारीवर होते. विलायतेला परत गेलेल्या एका मेजरची बांबूची काठी त्यांनी पुण्यात लिलावात घेतली होती. तिच्या लांब दोरीच्या टोकाला गळ, आणि गळावर पिसं गुंडाळून केलेली खोटी माशी. दोरी डोक्यावरून मागे न्यायची, झटक्यात पुढे सोडायची. माशी हवेत भिरभिरत जाऊन पाण्यावर अलगद उतरते. मेजर तिच्यावर काय काय पकडायचा कोण जाणे. नानासाहेबांना शिवडा हवा होता.

शिवडा गावात कुणी खात नसे. फुकट दिला तरी घेत नसे. बिनखवल्यांचा, डोळ्यांच्या मागेपर्यंत फाटलेल्या तोंडाचा हा मासा दहाव्याच्या डोहात राहायचा आणि डोहात पडेल ते गिळायचा. तिथे काय काय पडतं हे सगळ्यांना माहीत होतं. नानासाहेबांनाही तो खायचा नव्हता. नुसता पकडायचा होता. कोंबड्याच्या लाल पिसांना त्याने तीन रविवार दाद दिली नाही. तेव्हा नानासाहेबांनी शिकल्यासवरल्या माणसासारखा विचार केला: हा मासा जन्मभर पाण्यातून वर बघत आला, तर त्याला दिसलं काय असेल?

आज माशी कावळ्याच्या पिसांची होती.

"आबा, आईला अंतर देणार न्हाई," पिंडापुढे हात जोडून चिमाजीचा थोरला, हिंदुराव, म्हणाला. कावळे उंबरावर ओरडत राहिले.

"धाकटीचं लगीन ह्याच वर्साला करतो, आबा."

काही नाही.

"आरं, जमिनीचं बोल की," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "म्हाताऱ्याचा जीव तिथंच आडाकला आसंल."

नानासाहेबांचा हात थांबला. चिमाजीचं नऊ एकर रान नव्या कारखान्याच्या नकाशात बरोबर मध्यावर येत होतं. राजीखुशीच्या कागदावर भोवतालच्या सगळ्यांनी अंगठे दिले होते. चिमाजीने दिला नव्हता, आणि आता तर अंगठाही उरला नव्हता. वरून रोज विचारणा होत होती.

दोरी सैल पडली. माशी पाण्याखाली गेली. उंबरावरचा गलका एकाएकी थांबला.

"आता उतरतील बगा, सायेब," काठावर बसलेला वजीर म्हणाला. तो मोजणीची साखळी ओढणारा जुना शिपाई. रविवारी साहेबांचा डबा सांभाळायचा. "मघापासनं त्यांची नजर तुमच्या माशीवर हाय. त्यांना वाटतंय, तुमी त्यांच्यातला एक मारून दोरीला बांधलाय."

"आबा," हिंदुरावचा आवाज चिरकला, "कारखान्याला जमीन देणार न्हाई. आईची आन घिऊन सांगतो."

कावळा खाली उतरला. दोन उड्या मारून पिंडाजवळ गेला. चोच पुढे केली.

नानासाहेबांनी काठी उचलली. हात सवयीने उचलला गेला, असं त्यांनी पुढे पुष्कळ दिवस स्वतःला सांगितलं. दोरी मागे गेली, पुढे आली, आणि काळी पिसं घाटाच्या बाजूने, नेहमीपेक्षा जरा उंचावरून, भिरभिरत गेली.

कावळा उडाला.

मेलेल्या बापाने थोबाडीत मारावी तसा हिंदुरावचा चेहरा झाला. भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्राला चालतं.

"मला न्हाई चालत," चिमाजीची बायको सोजराबाई म्हणाली. "गवताला काय ठावं त्यांच्या मनातलं?" ती कावळ्यांकडे बघत नव्हती. कावळे जिकडे बघत होते तिकडे बघत होती.

"सायेब, गुंडाळा आता," वजीर हळूच म्हणाला.

"मासा दिसलाय मला," नानासाहेब म्हणाले, आणि पुन्हा दोरी फेकली. पुन्हा फेकली.

शेवटी हिंदुराव पडलेल्या आवाजात म्हणाला, "मग द्यावी म्हनता का, आबा? कारखान्याला?"

नानासाहेबांनी दोरी गुंडाळली आणि माशी खिशात घातली.

कावळे उतरले. एक नाही, पाच-सहा. "शिवला! शिवला!" घाटावरून आवाज उठला. माणसं घाईने चपला शोधू लागली. हिंदुराव डोळे पुसत पाण्याशी आला. "आबाचं मन बदाललं बगा, सायेब. उद्या कागद घिऊन या."

त्याच्या मागून सोजराबाई आली. पत्रावळीवरच्या उरल्या भातातली मूठभर तिने डोहात टाकली. पाणी फुगलं, रुंद राखाडी तोंड उघडलं, भात घेऊन मिटलं. काठीने टोचता आला असता इतक्या जवळ.

"ह्योच धरायला आला व्हता न्हवं?"

"हो."

"मग धरला न्हाई?"

तिची नजर त्यांच्या खिशावर गेली. काळ्या पिसाचं टोक बाहेर आलं होतं.

"आमी येडी उंबराकडं बगत बसलो," ती म्हणाली. "कावळा तर हितं व्हता."

तिने उरल्या भाताची पत्रावळ त्यांच्या पायाशी ओल्या दगडावर ठेवली. चार पावलं मागे सरली, पदर सावरला आणि हात जोडून उभी राहिली.

कावळे उंबरावर परत जाऊन बसले होते. भात उघडा होता. एकही खाली येईना.