हुकमी औषध

आमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला. बायकोला तिचं भाषांतर संध्याकाळपर्यंत पाठवायचं होतं, म्हणून ती म्हणाली, "दुकानात नेऊ या."

"मी असताना?" मी म्हणालो. नात्यागोत्यात कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की मलाच बोलावणं येतं. मी बाह्या सरसावल्या, माझा ठेवणीतला पेनड्राइव्ह लावला आणि त्यातल्या प्रोग्रॅमने व्हायरस साफ केला. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तर पडदाभर त्याच जाहिराती. पुन्हा साफ केला, पुन्हा त्याच. दुपारपर्यंत हेच चाललं. शेवटी बायकोने वायरी काढल्या आणि मी मुकाट्याने सीपीयू उचलला.

दुकानातल्या बाईंना मी ऐटीत पेनड्राइव्ह दिला. "हे आमचं रामबाण औषध. यालाही दाद देत नाही बघा."

त्यांनी तो तपासला आणि हसू दाबलं. "कसा देईल? व्हायरस यातूनच येतोय. हा आणखी कुठे लावला होता का?"

मी बोटांवर मोजू लागलो. बायको म्हणाली, "ताई, आमचा गोतावळा फार मोठा आहे. आधी यांना बसायला खुर्ची द्या."