मांडाची शपथ

"गाणां लाव," सरस्वतीकाकी म्हणाली.

गौरेशने फोन पुढे धरला. मनगटाला अजून लिस्बनच्या क्लबची कागदी पट्टी चिकटलेली. महिनाभर अकरा शहरं नाचवून हा डीजे काल केरीच्या किनाऱ्यावर वाजवून आला, आणि आज सकाळी गोव्यातल्याच आमोणे गावात पंधरा बायकांसमोर आरोपी म्हणून उभा!

धालो हा बायकांचा खेळ. पौषातल्या पाच रात्री त्या मांडावर, म्हणजे गावच्या पवित्र अंगणात, गातात, नाचतात. पुरुषाने तिकडे फिरकायचंसुद्धा नाही, मग आवाज टिपून नेणं तर लांबच. दोन वर्षांपूर्वी गौरेशने आईच्या, प्रभावतीच्या, फुलांच्या टोपलीत तळाशी छोटा रेकॉर्डर लपवला होता. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

आवाज इतका स्वच्छ आला की तोच चाट पडला. एका बाईचा तर श्वाससुद्धा ऐकू येत होता. नशीब म्हणायचं, असं ठरवून त्याने रेकॉर्डरच्या जाळीवर बसलेली तपकिरी भुकटी फुंकली आणि कामाला लागला. तो आवाज वर चढवून कोवळा केला. मधेच कुणाचीतरी शिंक आली होती, ती कापून ठेक्यात बसवली. त्या शिंकेवर आज अर्धा युरोप उडी मारतो, आता बोला!

गाणं संपलं तशी ताराकाकी ताडकन उठली.

"माझ्या नातीन ह्यां पेडण्यात कॉलेजात ऐकलां. शब्द आमच्या मांडावरचे. आणि पूत हिचो! मगे भायर नेलां कोणी?"

मांडाशी दगा करणारीला पुन्हा ओळीत जागा नाही. प्रभावती लग्न होऊन आली त्या वर्षापासून त्या ओळीत होती. त्या पाच रात्रींसाठी ती उरलेलं वर्ष काढायची.

"मी काय एक नेवक नाय," ती म्हणाली. "मांडाची शपथ घेतंय."

चपला काढून ती मांडाकडे निघाली. मातीला हात लावायला वाकली.

गौरेश पुढे धावला. आई खरं बोलत होती, तरी टोपलीतून गाणं नकळत तिनेच बाहेर नेलेलं; शपथ खोटी पडणार होती. खोट्या शपथेला मांड सोडत नाही, हे लहानपणी तिनेच त्याला शिकवलेलं.

"आई, थांब! तां मी—"

"तू गप रव!" सरस्वतीकाकी कडाडली. मांडाची ती प्रमुख. वय सत्तरीच्या पुढे, पण तिच्यापुढे बोलायची कुणाची छाती नव्हती. "पुरुषान हंय तोंड उघडूचा नाय. प्रभावती, तू मागे हो. गाणां परत लाव."

गाणं परत वाजलं. काकीने डोळे मिटले. डबीतली तपकिरीची चिमूट नाकाला लावली, पदराने नाक पुसलं. बायका तिच्या तोंडाकडे बघत होत्या.

"ह्यो आवाज तरण्या चेडवाचो," ती शेवटी म्हणाली. "आमच्यात साठीखालची कोण आसा? तारा, तू?"

बायका फिस्सकन हसल्या.

"पण शब्द?" तारा अडून बसली.

"शब्द काय आमच्या एकट्यांचे? डिचोलीभर गातत. उठा आता, जेवणां करूची आसत."

झालं, निकाल लागला. प्रभावती डोळे पुसत घराकडे गेली. गौरेशला मात्र सुटल्याचा आनंद होईना, लाजच वाटत होती. तो गाडीत बसतोय तोच सरस्वतीकाकी काचेपाशी आली.

"काकी, खरां सांगूचां तर—"

"ठावक आसा माका." तिने मागे वळून कुणी नाही ना, ते बघितलं. "टोपलीच्या तळाशी काय ऐकू येतलां, मेल्या? पाच राती मीच तुझां यंत्र पदराक बांधून गायलंय. आणि ती शिंक ठेवलंस, तां बरां केलंस."