चौघांचा विषय

गणित विभागाचं वेळापत्रक भिंतीवर लागलं आणि विभागातले सगळ्यात ज्येष्ठ सर तरातरा विभागप्रमुख बाईंच्या खोलीत आले.

"बाई, तीस वर्षं तिसऱ्या वर्षाला उच्च बीजगणित शिकवतोय मी. आणि आता पहिल्या वर्षाची चिल्लीपिल्ली माझ्या गळ्यात? ते काम नव्या लोकांचं!"

"सर, तुमचा विषय यंदा फक्त चौघांनी निवडलाय. दोन वर्षांत दहा जण झाले नाहीत, तर तो कायमचा बंद. वरून तसं पत्र आलंय."

"मग मला विद्यार्थी आणून द्या!"

"तेच करतेय," बाई शांतपणे म्हणाल्या.

महिनाभर सर धुसफुसत राहिले. "साधे अपूर्णांक येत नाहीत हो पोरांना!" मग हळूहळू त्यांची तक्रार थांबली आणि पुढच्या तासाच्या मास्तरांची सुरू झाली, कारण सर वर्ग वेळेवर सोडेनात.

दोन वर्षांनी विषय निवडायचा शेवटचा दिवस संपला. बाईंनी सरांच्या विषयाचे अर्ज दोनदा मोजले. त्रेसष्ट! आपलं वय विसरून त्या जिना धावत चढल्या आणि नवं वेळापत्रक सरांपुढे ठेवलं. उच्च बीजगणितासमोर सरांचं नाव होतं आणि शेजारी विद्यार्थ्यांची संख्या.

सरांनी त्रेसष्टचा आकडा वाचला, चष्मा काढून पुसला. मग पेन घेऊन आपलं नाव खोडलं आणि तिथे विभागातल्या सगळ्यात तरुण शिक्षिकेचं नाव लिहिलं.

"तिसरं वर्ष ती उत्तम सांभाळेल, बाई. पहिलं मात्र मी कुणाला देणार नाही."